डाळिंबाच्या सालीची बॅग घेतली, सात महिने वापरली, आता सांगते

आधीच सांगते, दुकानाला पाटी नाही, म्हणून नाव विचारू नका. इंदुरात मल्हारगंजात राजवाड्याकडून बडा गणपतीकडे जाताना डाव्या हाताला एक बोळ लागतो, त्या बोळात शिरून कोणालाही "सालवाला कुठे" विचारलं की बोट दाखवतात. गाडी मात्र आत नेऊ नका, मी पहिल्या दिवशी स्कूटी नेली आणि समोरून रिकामी क्रेट घेऊन लोडिंग रिक्षा आली, दहा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे, शेवटी मीच मागे घेतली. राजवाड्याच्या पार्किंगला लावून चालत जा, सरळ काम.

आता मी या भानगडीत पडले कशी ते. मी घरी ११वी-१२वीच्या केमिस्ट्रीच्या ट्यूशन घेते आणि आठवड्यातून तीन दिवस भंवरकुआंला एका क्लासमध्ये शिकवायला जाते, म्हणजे रोज तीस-चाळीस पेपर, दोन जाड पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली, चष्मे दोन, असला संसार खांद्यावर. आधीची बॅग मॉलमधून घेतली होती, "जेन्युइन लेदर"चा टॅग लावलेली, एका पावसाळ्यानंतर तिची पापुद्र्यासारखी सालं निघायला लागली, ओढणीला चिकटायची, वर्गातली पोरं म्हणायची मॅडम तुमच्या बॅगला सनबर्न झालंय. कापडावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकचा थर दिलेला होता, चामडं त्यात पट्टीला दोन इंच. तेव्हापासून कोणी लेदर म्हटलं की माझं पहिलं वाक्य, दाखवा कापून.

तर अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी एका मैत्रिणीच्या खांद्यावर ही बॅग बघितली. रंग असा की ना पिवळा ना तपकिरी, जुन्या तुपाचा असतो ना तसा. ती म्हणाली डाळिंबाच्या सालीने केलेली आहे. मी मनात म्हटलं चला, आणखी एक फेकाफेकी. पण दुसऱ्या दिवशी गेलेच. आई (म्हणजे सासूबाई) अजून ऐकवतात, लोकं आजच्या दिवशी गुंजभर सोनं आणतात आणि आमच्या सूनबाई चामडं घेऊन आल्या.

दुकान म्हणजे खाली दहा बाय बाराची खोली आणि वर गच्ची. खोलीत काका बसलेले असतात हाताने टाके घालत, जाड दोरा, मेण, दोन सुया, एका भोकातून दोन्हीकडून. धंदा बघतो त्यांचा मुलगा, तिशीचा असेल, देवासला एका चामड्याच्या कारखान्यात काही वर्षं काम करून आलेला. बोलतो अर्धं हिंदी अर्धं मराठी, आपल्या इंदुरी स्टाईलने, "ताई ये वाला देखो, हे जास्त टिकेल". दुकानात शिरल्यावर वास येतो पण चपलांच्या दुकानातला तो सोल्युशनचा डोक्यात जाणारा नाही, पावसात भिजलेलं लाकूड आणि थोडा चहाचा चोथा, असा काहीसा. मला आवडला. ह्यांना नाही आवडला. मत आपापलं.

बॅगेवर कार्ड लटकवलेलं, "अनार लेदर". मी लगेच धरलं त्याला, म्हटलं भिया, गाय-म्हशीचं आहे की डाळिंबाचं आहे, एक काय ते सांग. आणि इथे हा माणूस मला आवडला, कारण त्याने जरा डोकं खाजवलं आणि सरळ सांगितलं की ताई चामडं म्हशीचं, आणि ते तमिळनाडूतून येतं, झाडाच्या सालीने आधीच कमावलेलं, आम्ही इथे ते पुन्हा डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात मुरवतो. म्हणजे पहिलं कमावणं तिकडचं, दुसरं इकडचं. तिकडच्या मालाला धंद्यात ईआय म्हणतात, ईस्ट इंडिया, इंग्रजांच्या काळापासून मद्रासकडून परदेशी जायचा तोच, त्याला जीआय टॅगही आहे, म्हणजे हा माल त्याच भागाचा अशी सरकारी नोंद. पूर्वी ते तरवडाच्या सालीने कमवायचे, पिवळ्या फुलांचं झुडूप असतं ना माळावर, तेच, आता जास्त करून वॅटल नावाच्या बाभळीच्या भाईबंदाची साल वापरतात आणि शेवटी हिरडा देतात. मग मी विचारलं तर कार्डावर अनार लेदर का लिहिलंय. म्हणतो "वो तो छपवाने वाले ने बोला था छोटा रखो." बरं.

मी नंतर शोधून, विचारून, स्वतः करून बघून जे समजलं ते सांगते, ज्यांना नको त्यांनी खाली किंमत आहे तिथे उडी मारा.

कच्चं कातडं म्हणजे प्रोटीन, कोलॅजनच्या दोऱ्यांची वीण. तसंच ठेवलं तर सडतं, वाळवलं तर पापडासारखं कडक होतं आणि ओलं झालं की पुन्हा सडतं. कमावणं म्हणजे त्या दोऱ्यांना कशानेतरी एकमेकांशी असं बांधून टाकायचं की सडणारे जंतू हात लावू शकणार नाहीत. झाडांमध्ये हे काम करतं टॅनिन. आणि टॅनिन ओळखायला लॅब लागत नाही, मराठीत त्याला चवच दिलीय आपण, तुरट. कच्चं केळं, बिब्ब्याचं फूल, जांभूळ, हिरडा, सुपारी, डाळिंबाची साल, कडक काळा चहा. तोंडात टाकलं की जीभ आखडते, गाल आत ओढल्यासारखे होतात, ते का, तर टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रोटीनला पकडतं आणि तोंडातला बुळबुळीतपणाच जातो. कातड्याचंही तेच होतं, फक्त आठवडे लागतात. मी हे वर्गात सांगितलं तर एक पोरगा म्हणाला मॅडम म्हणजे सुपारी खाणाऱ्यांची जीभ लेदर होते का. हसले सगळे, पण प्रश्न वाईट नव्हता.

हिरड्यात साधारण तीस टक्क्यांपर्यंत टॅनिन असतं, बाभळीच्या सालीत बारा ते वीस. आपले कोल्हापुरी चपलेवाले पिढ्यानपिढ्या हेच दोन वापरत आलेत, कातड्याची पिशवी शिवायची, टांगायची, आत बाभळीच्या सालीचा नि हिरड्याचा चुरा आणि पाणी भरायचं आणि ते पाणी झिरपत राहायचं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळाला तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचे मिळून आठ जिल्हे धरून, हे पुष्कळांना माहीत नसतं, भांडू नका. आणि हो, हिरडा म्हणजे तोच, बाळगुटीत उगाळतो तो. आईंना हे सांगितल्यावर त्यांचा चामड्यावरचा राग निम्मा उतरला. देवघराच्या बाजूला बॅग ठेवायची नाही हा नियम मात्र कायम.

आता डाळिंबाची गोष्ट अशी की बाभळीची साल काढायची तर झाड सोलावं लागतं, डाळिंबाची साल रस काढल्यावर फेकलीच जाते. इंदुरात ज्यूसवाले किती, विचार करा, आणि नवरात्रात तर सगळे उपासाचे लोक डाळिंबावरच. ही सगळी साल ओल्या कचऱ्यात जाते, तिथून देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता होती त्याची. तेव्हा साल वाया जाते असं नाही म्हणता येणार आपल्या शहरात, गॅस होतोच तिचा. तरी तो मुलगा चार ज्यूसवाल्यांकडून आणि चोइथराम मंडीतल्या एका ओळखीच्याकडून खराब झालेल्या डाळिंबांची साल उचलतो. शहराच्या कचऱ्यापुढे ती चिमूटभरच म्हणा ना, पण त्याच्या कामाला पुरते.

गच्चीवर नेलं त्याने मला दुसऱ्या फेरीत. तीन निळे प्लास्टिकचे ड्रम, कडेला साल वाळत घातलेली, जुन्या साड्यांवर, पापड वाळवतात तशी. लोखंडी काहीही नाही तिथे, झाऱ्या लाकडाच्या, बादल्या प्लास्टिकच्या, का ते पुढे येईल. म्हणाला साल दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी येते आणि ती बुरशी टॅनिनच खाऊन टाकते, मग नुसतं पिवळं पाणी उरतं. म्हणून चैत्र-वैशाखात वर्षभराची साल वाळवून पोत्यात भरतात, कुटून कोमट पाण्यात भिजवतात, पाणी उकळायचं नाही, गाळतात, आणि त्यात चामडं आधी पातळ पाण्यात मग दाट मग आणखी दाट असं सरकवत नेतात. एकदम दाट पाण्यात टाकलं तर वरचा थर लगेच आवळतो आणि आतपर्यंत काही जातच नाही. भाजी मोठ्या आचेवर टाकली की वरून करपते आतून कच्ची, तसंच झालं हे. दहा-बारा दिवस चालतं हे काम.

बाकीही उद्योग करून झालेत त्याचे. कांद्याच्या साली, आपल्याकडे कमी आहेत का कांदे, त्यांचा रंग सुंदर सोनेरी येतो तुरटी घातली की, पण कमावायच्या कामाची नाही ती, नुसती रंगाची. चिंचोक्याची वरची लाल साल, तिच्यात टॅनिन भरपूर पण चिंचोका भाजून सोलेपर्यंत माणूस म्हातारा होतो. चहाचा चोथा, टपरीवाल्यांकडून आणलेला, दुधाचा निघाला, दोन दिवसांत गच्चीवर असा वास सुटला की शेजाऱ्यांनी नगर निगमला फोन करायची धमकी दिली. आणि काकांनी खालून टाके घालता घालता एक जुनी गोष्ट सांगितली ती मला सगळ्यात भारी वाटली, त्यांचे आजोबा बकऱ्याचं कातडं चुन्यातून काढल्यावर गव्हाच्या आंबवलेल्या कोंड्याच्या पाण्यात टाकायचे. चुना लावतात केस काढायला, मग तो चुना कातड्यातून काढायला आंबट काहीतरी हवं, आणि कोंडा आंबला की त्यात ॲसिड तयार होतं, हलकं, कातड्याला न जाळणारं. इंग्रजी पुस्तकांतही ही रीत आहे. म्हणजे शेतातला टाकाऊ माल चामड्याला लावणं हे काही आजच्या स्टार्टअपवाल्यांनी शोधलेलं नाही, कोंडा, भुसा, साल, हे पहिल्यापासून होतं, मधे केमिकल स्वस्त झालं म्हणून विसरले.

आता टेस्ट. मी केमिस्ट्रीवाली, मला सोडवतंय थोडंच. कापलेले चार तुकडे मागून आणले, त्याने हसत दिले.

पहिली टेस्ट उकळत्या पाण्याची. अंगठ्याएवढा तुकडा या बॅगेचा आणि तेवढाच ह्यांच्या जुन्या ऑफिसच्या बेल्टचा, जो क्रोमचा, म्हणजे झाडाच्या सालीऐवजी क्रोमियमच्या क्षाराने कमावलेला होता. जुन्या पातेल्यात खळखळ पाण्यात दोन मिनिटं. बेल्टचा तुकडा जसा होता तसा. बॅगेचा तुकडा आखडला, वळला, वाळल्यावर दगडासारखा. घाबरू नका, हेच व्हायला पाहिजे होतं. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ७०-८५ डिग्रीच्या आसपास आखडतं, क्रोमचं उकळतं पाणी सोसतं. म्हणजे खाली क्रोम नाही, माणूस खरं बोलतोय. (पातेलं आता गच्चीवर झाडांना पाणी घालायला, घरात घेणार नाही म्हणाल्या आई.)

दुसरी टेस्ट लोखंडाची. टॅनिनला लोखंड लागलं की काळं होतं, आवळा लोखंडी विळीवर चिरला की विळी आणि बोटं काळी होतात ते हेच, पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून शाई करायचे तेही हेच. पुष्कळ लोक व्हिडिओ बघून चामड्यावर गंजाचं पाणी टाकतात आणि काळं झालं की म्हणतात बघा असली व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या टॅनिनने कमावलेलं. फसाल. क्रोमच्या चामड्यालाही नंतर वरून झाडाचं टॅनिन देतात बऱ्याचदा, तेही काळं होईल. उकळत्या पाण्याची टेस्टच खरी.

तिसरी, डाळिंब खरंच आहे का याची. त्याच्याकडून ड्रममधलं पाणी बाटलीत आणलं आणि घरी वर्गात फिनॉलच्या टेस्टसाठी ठेवलेलं फेरिक क्लोराइड (हाही लोखंडाचाच क्षार) होतं त्याचे दोन थेंब टाकले. टॅनिन दोन जातीचं, एकाचा निळा-काळा रंग येतो, त्यात हिरडा आणि डाळिंब, दुसऱ्याचा हिरवट-काळा, त्यात बाभूळ-वॅटलची साल. ड्रमचं पाणी चक्क निळं-काळं झालं, पेनाच्या शाईसारखं. पण हे ड्रमचं, बॅगेवर ही टेस्ट केली तर काही सिद्ध होत नाही कारण तिकडून येतानाच हिरडा लागलेला असतो. म्हणजे बॅगेत डाळिंब किती, ते त्याच्या शब्दावर आणि मी गच्चीवर बघितलं त्यावर. माझा अंदाज, रंग आणि वरचा भरदारपणा डाळिंबाचा, हाडं तमिळनाडूच्या सालीची.

इथे एक गोष्ट खटकते ती लिहितेच. त्याच्याकडे येणारे तरुण लोक म्हणतात क्रोम म्हणजे विष, हे म्हणजे अमृत. इतकं सोपं नाही हो. जगातलं ८० टक्क्यांच्या वर चामडं क्रोमनेच कमावतात, एका दिवसात काम होतं, हलकं, मऊ, रंग कोणताही घ्या. पायात बूट असतील तर बहुतेक क्रोमचेच. त्यातला क्रोम वापरताना तुम्हाला काही करत नाही, त्रास आहे तो सहा संयुजेच्या क्रोमियमचा, बिघडलेल्या प्रक्रियेत तयार होतो तो, युरोपात २०१५ पासून चामड्यात किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आणि टाकलेल्या क्रोमपैकी जुन्या पद्धतीत साठ-सत्तर टक्केच कातड्यात जातो, उरलेला पाण्यात, कानपूरच्या जाजमऊचं आणि गंगेचं काय झालं ते आपण वाचलेलंच आहे. तमिळनाडूत पालार नदीवरून सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती, १९९६ मध्ये निकाल लागला. पण झाडाच्या सालीचं वापरलेलं पाणीही काही तीर्थ नाही, काळंकुट्ट, लवकर न कुजणारं, तसंच नाल्यात सोडलं तर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. मी विचारलं तू काय करतोस ड्रमच्या पाण्याचं. म्हणाला तेच पाणी पुढच्या चामड्याला पहिल्या पातळ पाण्याच्या जागी वापरतो, सहा-सात वेळा, आणि शेवटी जे उरतं ते... मग विषय बदलला त्याने. मी त्याचे मार्क कापलेत इथे.

पुण्यातली आमची लेक फोनवर म्हणाली आई तू म्हैस कशाला घेतलीस, प्लांट लेदर मिळतं की, अननसाच्या पानाचं, केळीच्या खोडाचं. कानपूरमध्येच देवळातल्या फुलांवर बुरशी वाढवून फ्लेदर करतात, कोलकात्याला केळीच्या खोडाचं करतात, आणि अननसाच्या पानाच्या धाग्याचं ते पिन्याटेक्स. मला त्यांचं कौतुक आहे, पण हे आणि ते वेगळं आहे हे लोकांना कळत नाही. त्यात कातडंच नसतं, वनस्पतीचा धागा (फ्लेदरमध्ये बुरशीचा) असतो आणि धरून ठेवायला, पाणी सोसायला बहुतेक वेळा वरून रेझिन किंवा पीयूचा थर. इथे कातडं आहे आणि वनस्पती ते टिकवते. ज्यांना प्राण्याचं नकोच त्यांनी ही बॅग घेऊ नये, सरळ गोष्ट. लेकीला मी एवढंच म्हटलं की मॉलवाल्या बॅगेचा पीयू मी ओढणीवरून सहा महिने झटकलाय, मला पुन्हा नको. ती म्हणाली ते वेगळं असतं. असेल. तिला मी चष्म्याची केससुद्धा घेतली नाही.

वापराचं. पहिले पंधरा दिवस बॅग कडक, पट्टा खांद्यात रुतायचा, वजन रिकामीच सव्वा किलो, मी दोनदा शिव्या दिल्या. मे महिन्यात उन्हात रोज नेल्यावर रंग गडद होत गेला, झाकणाच्या बाहेरचा भाग गुळासारखा आणि पट्ट्याखाली जिथे ऊन लागत नाही तिथे अजून तुपासारखा, मनगटावर घड्याळाचा पट्टा काढल्यावर दिसतो ना तसा फिका पट्टा. हे वॅटल-बाभळीच्या सालीमुळे, ती उन्हात लालसर होते. ज्यांना वस्तू पहिल्या दिवसासारखीच हवी असते त्यांना हे दिसलं की जीव जाईल. मला आवडतं. जूनपर्यंत पट्टा खांद्याच्या आकाराचा झाला, आता दुसऱ्या कोणी घेतली तर त्याला टोचते, मला नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा. जुलैत एक दिवस बंगाली चौराह्यावर अशी भिजले की पेपरही ओले. घरी येऊन बॅग हीटरसमोर ठेवणार होते, बरं झालं फोन केला, तो ओरडलाच, "ताई आग के सामने नहीं, आखडून जाईल". आठवली ना ती उकळत्या पाण्याची टेस्ट. आत रद्दी कोंबून पंख्याखाली दोन दिवस, मग बोटाला जरासं तेल घेऊन चोळलं, ठीक झाली. ऑगस्टमध्ये आम्ही चार दिवस उज्जैनला गेलो, बॅग कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेले ही माझी चूक, आले तर पांढरी बुरशी. कोरड्या फडक्याने पुसली, सावलीत वारा दिला, गेली, डाग राहिला नाही. सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये कधीच नाही, हे त्याने विकताना सांगायला पाहिजे होतं.

आणि सगळ्यात मोठी तक्रार. बकल. पितळी दिसतं पण आतून लोखंडी, वरचा मुलामा दोन महिन्यांत उडाला आणि पहिल्या पावसात बकलच्या खाली निळा-काळा डाग, रुपयाएवढा. अरे, गच्चीवर तू एक लोखंडी खिळा येऊ देत नाहीस आणि बॅगेवर लोखंडी बकल लावतोस? दाखवायला गेले तर खजील झाला, म्हणाला ठोक बाजारातून पितळी म्हणूनच घेतले होते. काकांनी तिथल्या तिथे अर्धं लिंबू मागवलं समोरच्या चाटवाल्याकडून, डागावर आणि आजूबाजूच्या सगळ्या भागावर हलकं फिरवलं, डागावरच घासलं असतं तर तिथेच फिका ठिपका उरला असता, मग साध्या पाण्याचं फडकं, मग सावली. लिंबातलं ॲसिड लोखंडाला पकडून घेतं. डाग नव्वद टक्के गेला माझ्या डोळ्यांसमोर, मी बारा वर्षं हे फळ्यावर शिकवतेय आणि चाटवाल्याच्या लिंबाने असं कधी करून बघितलं नव्हतं. बकल बदलून दिलं, खरं पितळ, चुंबक लावून दाखवलं. पैसे घेतले नाहीत. पण त्यासाठी दोन फेऱ्या आणि नऊ दिवस गेले, आणि "परवा देतो"चा अर्थ आपल्या इंदुरात काय असतो ते तुम्हाला माहीतच आहे.

दुसरी तक्रार, सुरुवातीला रंग सुटतो. पांढऱ्या कुर्तीच्या कमरेवर पिवळी रेघ आली, धुऊन गेली नाही. पहिला महिना गडद कपडे घाला. तिसरी, आतलं अस्तर खादीचं म्हणून जाडं चांगलं आहे पण कप्पा एकच, चष्मा शोधायला अख्खा हात घालावा लागतो. मी सांगितलं होतं दोन कप्पे कर, विसरला. टाके मात्र, नाव ठेवायला जागा नाही. सात महिन्यांत एक धागा उसवला नाही, चाळीस पेपर आणि पुस्तकं रोज भरूनसुद्धा.

किंमत ३४०० मला पडली, बेल्ट ९०० ला आहेत, चष्म्याची केस ४५०, आणि काकांच्या मागच्या फळीवर चामड्याचे छोटे हत्ती-घोडे आहेत ते विकायचे नाहीत म्हणतात. इंदुरच्या चामड्याच्या खेळण्यांनाही जीआय आहे, आपल्या घरी लहानपणी होता ना एखादा हत्ती, शोकेसमध्ये, सोंड तुटलेला. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. रविवारी उघडं, सोमवारी बंद. मोलभाव करू नका, काका बोलायचं बंद करतात. ऑनलाइनवर अशाच बॅगा पाच-सहा हजाराला बघितल्या, त्या कशाने कमावल्या ते मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं.

घ्यावी का? रोज वापरणार असाल, थोडी काळजी घेणार असाल, तर डोळे मिटून. लग्नाला न्यायची चकचकीत पर्स पाहिजे असेल तर इकडे येऊच नका, दुसरीकडे जा. पाचपैकी चार देते, अर्धा बकलचा कापला आणि अर्धा त्या ड्रमच्या पाण्याचा, कार्डावर नीट लिहिलं आणि पाण्याचं काहीतरी केलं तर परत देईन.

एक राहिलंच. घरची सुकलेली डाळिंबाची साल नेऊन दिली तर किलोला तीस रुपये बिलातून कमी करतो. मी लगेच सुरू केलं, गच्चीवर वाळवून लोणच्याच्या बरणीत भरतेय, सातशे ग्रॅमपर्यंत पोचले होते. परवा बघितलं तर बरणी अर्धी, आईंनी खोकल्यासाठी काढून ठेवली म्हणे, ती चामड्यावर वाया कशाला घालवायची.